खाली आलेली गाडी, दबलेला मणका

मुरबाडकडच्या एका आजींना नातवाने ओपीडीत आणलं तेव्हा त्यांना पाठ टेकवत नव्हती. पडल्या नव्हत्या, ओझंही उचललं नव्हतं. सरळगाव-किन्हवलीमार्गे शहापूरला येताना मागच्या सीटवर होत्या, गतिरोधकावर गाडी आदळली आणि "कंबरेत काडकन झालं". त्यावर तीन दिवस मालीश झालं. एक्स-रेत छातीचा बारावा मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबलेला. नातू मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टर, गाडी नुकतीच लो केली होती."

ही करामत मी नंतर गॅरेजात जाऊन पाहिली. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग, एकाच जोडणीत. शॉकअपच्या अंगावर आटे असतात. त्यावरची कॉलर पान्याने खाली फिरवली की स्प्रिंगची बैठक उतरते, गाडी खाली येते. दिसायला झकास! पण बहुतेक संचांत चाकाला वर सरकायला उरलेली जागाही त्यामुळे कमी होते. ती संपली की आतला रबरी ठोकळा लागतो आणि उरलेला धक्का थेट सीटमधून माकडहाडाला.

साधी गाडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा झुलते. ते शरीराला मानवतं, कारण चालतानाही आपण अशाच संथ लयीत वरखाली होतो. बसलेल्या माणसाचा कणा मात्र सेकंदाला चार ते आठ कंपनांना जास्तीत जास्त साथ देतो. स्प्रिंग ताठ झाली की नेमकी हीच थरथर अंगापर्यंत अधिक पोहोचते. मागच्या चाकांवर बसलेला माणूस तर उसळून पुन्हा आपटतो. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेल्या बाईला तेवढं पुरतं.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. आमच्याकडे गावकऱ्यांनी रातोरात घातलेले उंचवटे पाहिले की हे माप कोणाला ठाऊक असेल, असा प्रश्न पडतो. शिवाय मूळ रचना अशी बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं.

गाडी आधीच खाली घेतली असेल तर कॉलर पूर्ववत वर घ्यावी. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं आहे ना, ते मोजावं; मग अलाइनमेंट. वयस्कांना पुढे बसवावं. धक्क्यानंतर अचानक पाठ दुखली, उभं राहिल्यावर वाढली, तर चोळू नये, एक्स-रे काढावा. पायांत बधिरपणा आला किंवा लघवी अडली तर त्याच तासाला रुग्णालय गाठावं.

महिन्याभराने आजी कंबरेला पट्टा लावून तपासणीला आल्या, पुढच्या सीटवर बसून. गाडी दाखवायला नातवाने मला पार बाहेर आवारात नेलं. चाक आणि मडगार्डमध्ये आता माझी चार बोटं सहज गेली.