कुंडीतलं झाड आणि घरातली हवा

मगाशी मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं, "मुलाला दमा आहे. त्याच्या खोलीत स्नेक प्लांट, मनी प्लांट अशा आठ कुंड्या ठेवल्यात. हवा शुद्ध होईल ना?" कोराडीचं औष्णिक वीज केंद्र आपल्याच तालुक्यात, खापरखेडा शेजारी, कोळशाची राख म्हणजे काय, हे कामठीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून उत्तर सरळच देतो. नाही होणार.

मग ही समजूत आली कुठून? १९८९ साली 'नासा'च्या वूल्व्हर्टन यांनी छोट्या हवाबंद पेटीत झाड ठेवलं, आत बेंझीन, फॉर्मल्डिहाइड असले वायू सोडले. २४ तासांत ते बरेच कमी झाले. प्रयोग खोटा नव्हता, बरं का! पण त्यांच्या डोळ्यांसमोर अंतराळयान होतं, आणि यानाची खिडकी उघडता येत नाही. आपलं घर तसं नाही. दाराच्या फटीतून, खिडकीतून हवा सतत आत-बाहेर होते, आणि हे काम झाडापेक्षा कितीतरी पटींनी वेगात चालतं.

किती पटींनी? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कमिंग्ज आणि वॉरिंग या दोघांनी जुन्या प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडले. घरातली हवा नुसत्या ये-जा करण्यानं जेवढी साफ होते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. आता दहा बाय बाराची खोली धरा. साधारण ११ चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी ११० कुंड्या! मुलाची खाट कुठे टाकायची?

आपल्याकडे तर उन्हाळाभर कूलर. समोरची खिडकी उघडली नाही तर उमस होते, हे इथलं लहान पोरही सांगेल. खोलीतली सगळी हवा बाहेर ढकलली जात असताना त्या आठ कुंड्या काय करणार?

शिवाय हे सगळं वायूंबद्दल झालं. दम्याच्या मुलाला छळतात ते मुख्यतः सूक्ष्म कण. पानांवर थोडी धूळ बसते, पण हवेतले बारीक कण त्यानं जाणवण्याइतके कमी होत नाहीत. उलट घरातच ते तयार होतात. २००३ च्या एका अभ्यासात, डासांची एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं दिसलं. थंडीत दारं लावून पेटवलेली शेगडी तर त्याहून वाईट. तिचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, वास येत नाही.

तेव्हा ताई, कॉइल बंद करा, मच्छरदाणी लावा. उदबत्ती त्या खोलीत नको. झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. फोडणी देताना एक्झॉस्ट चालू ठेवा. बाहेर धुरकट असेल तेव्हा खिडकी लावा, एरवी उघडा. परवडत असेल तर हेपा फिल्टरचं यंत्र कणांवर खरंच काम करतं. आणि झाडं आणली म्हणून डॉक्टरांनी दिलेला इनहेलर एक दिवसही थांबवू नका.

झाडं फेकू नका हो, डोळ्यांना बरं वाटतं ना? फक्त मनी प्लांट बाटलीत असेल तर पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो, आणि मग आपण पुन्हा कॉइल पेटवतो.