कानातील मळ आणि वर्गातील मूल

शाळेत मुलांची नखे, दात व केस यांची पाहणी नियमाने होते. कान मात्र घरच्या माणसांवर सोपविलेला असतो, आणि घरी तो आगकाडीने, केसांच्या आकड्याने, किल्लीने किंवा कापूस गुंडाळलेल्या काडीने कोरला जातो. हातकणंगले तालुक्यातील गावोगावी ही सवय आढळते. तिच्यामागील हेतू स्वच्छतेचा असला, तरी तिच्यापायी मुलाचे ऐकणे उणावू शकते, हे शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मळ म्हणजे काय?

कानातील मळ ही घाण नव्हे. कर्णनलिकेच्या बाहेरील भागातील ग्रंथींचा स्निग्ध स्राव व त्वचेचे सुटलेले सूक्ष्म कण यांपासून तो बनतो. तो त्वचा कोरडी पडू देत नाही, धूळ अडवितो आणि जंतूंना आळा घालतो. नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेस सावकाश सरकत असते. चावताना होणारी जबड्याची हालचाल तिला साहाय्य करते. अशा रीतीने जुना मळ आपोआप बाहेर येतो. निरोगी कान आतून साफ करावा लागत नाही.

कोरण्याने काय होते?

प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते. मुलांची त्याहून आखूड. तिच्या टोकाशी असलेला पडदा सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. जाड काडीने मळ बाहेर न येता आत रेटला जातो व तेथे त्याचा बोळा बसतो. बारीक काडीने त्वचा ओरखडते. पावसाळ्यात अथवा पंचगंगा-वारणेच्या पाण्यात पोहणाऱ्या मुलाच्या अशा ओरखड्यात जंतू किंवा बुरशी शिरते. कोरताना कोणाचा धक्का लागल्यास पडदाही फाटतो.

कढत तेलाने कान भाजतो. कान वाहत असेल किंवा पडद्यास छिद्र असेल, तर तेल, पाणी वा लसणाचा रस आत उतरून रोग बळावतो. बाजारात कान कोरून देणाऱ्यांचे एकच हत्यार अनेकांच्या कानांत जाते. कानात पोकळ मेणवात जाळण्याच्या नव्या प्रकाराने मळ तर निघत नाहीच, उलट भाजण्याचा धोका असतो.

शिक्षकांनी काय करावे?

१. कानाची पाळी व बाहेरचा भाग ओल्या फडक्याने पुसावा, आत काहीही घालू नये, हे मुलांस व पालकांस सांगावे.

२. मुलाने कानात हरभरा, चिंचोका किंवा ज्वारीचा दाणा घातल्यास तो उकरू नये व पाणीही घालू नये. पाण्याने दाणा फुगतो. घड्याळातील वा खेळण्यातील चपटा सेल गेला असल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

३. कान दुखणे, वाहणे, रक्त येणे किंवा एकाएकी कमी ऐकू येणे, ही लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. पुढील उपचार कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात होऊ शकतात. घट्ट मळ डॉक्टर योग्य साधनांनी काढतात.

इचलकरंजीच्या आसपास, जेथे मागांचा खडखडाट दिवसभर चालतो, तेथे घरातील सर्वच जण मोठ्याने बोलतात. त्यामुळे मुलाचे मंद ऐकणे घरी चटकन ध्यानात येत नाही. ते उघड होते वर्गात. वारंवार ‘काय?’ विचारणारे, शेजाऱ्याच्या पाटीत पाहून लिहिणारे, शुद्धलेखनात शब्द गाळणारे मूल पुष्कळदा मठ्ठ किंवा खोडकर ठरविले जाते. त्यास शिक्षा करण्यापूर्वी हातभर अंतरावर मागे उभे राहून, त्याचा एक कान झाकून, हलक्या आवाजात तीन अंक उच्चारावे व ते परत म्हणावयास सांगावे. मग दुसऱ्या कानाची पाहणी करावी. अंक वारंवार चुकल्यास त्याचे नाव टिपून ठेवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला असून त्यात शाळेतील मुलांची तपासणी होते. पथक येईल तेव्हा ते नाव प्रथम पुढे करावे. मात्र वरील लक्षणे असल्यास पथकाची वाट पाहू नये.

मळाचा बोळा डॉक्टरांकडून काही मिनिटांत निघू शकतो. परंतु न ऐकता गेलेले वर्ष मुलास परत मिळत नाही.