समुद्रावरचं तेल आकाशातून कसं दिसतं?

मंडळी, हिवरखेडला समुद्र नाही; पण शेततळं आहे, डिझेल इंजिन आहे. पाण्यावर डिझेल सांडलं की तेवढ्या जागी वाऱ्याचे बारीक तरंग उठत नाहीत, हे आपण पाहिलेलं आहे. उपग्रह नेमकं तेच शोधतो.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं धडकली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, खारफुटीत शिरलं. ऐन पावसाळा, वर ढग; साध्या कॅमेऱ्याला काय दिसणार? रडारच्या लहरी मात्र ढगांतून आणि अंधारातही जातात. तरंगांचं पाणी त्यातल्या काही उपग्रहाकडे परत पाठवतं, म्हणून चित्रात उजळ दिसतं. तेलाचा गुळगुळीत भाग त्या पलीकडे फेकतो, म्हणून काळा.

पण प्रत्येक काळा डाग म्हणजे तेल नव्हे. वारा पडला तरी पाणी काळंच दिसतं. म्हणून आपण वाऱ्याची नोंद शेजारी ठेवतो, आणि जागेवर जाऊन खात्री करावी लागते. पुढे तेल कुठं वाहत जाईल, याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था वारा आणि प्रवाहांवरून काढते.

इशारा चुकला तर कोळ्याची होडी उगाच किनाऱ्यावर; उशिरा आला तर जाळं तेलात. पावसाच्या अंदाजावर पेरणी करणाऱ्या आपल्याला हे वेगळं काय सांगायचं?