ला बोका : रंगीत पत्र्यांची बंदरवस्ती

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस हिच्या दक्षिण टोकास 'ला बोका' नांवाची जुनी बंदरवस्ती आहे. 'बोका' या शब्दानें आपणांस हसूं येईल. परंतु स्पॅनिश भाषेंत त्याचा अर्थ तोंड, आणि रिआच्वेलो नदीच्या मुखाशीं वसली म्हणून वस्तीस हें नांव पडलें.

एकोणिसाव्या शतकांत इटलींतील जेनोआकडचे खलाशी व गोदीकामगार येथें येऊन राहिले. त्यांनीं लांकडी सांगाड्यांवर पन्हळी पत्रे ठोकून घरें उभारलीं आणि जहाजें रंगवून उरलेला रंग त्यांवर चढविला, असें सांगतात. हिरवा संपला कीं पिवळा! आज आपण जिला रंगदृष्टि म्हणून वाखाणतों, ती मुळांत काटकसर होती. आंतील व्यवस्था समजावयास आपल्या गिरणगांवांतील चाळ डोळ्यांपुढें आणावी : कुटुंबास एक खोली, अंगण मात्र सर्वांचें.

टँगो नृत्य याच वस्तींत जन्मलें, असें वाटाडे सांगतात. तें तितकेंसें खरें नाहीं. ला प्लाता नदीच्या दोन्ही तीरांवरील, म्हणजे ब्वेनोस आयरेस व माँटेव्हिडिओ येथील गरीब वस्त्यांत, आफ्रिकन वंशीयांचे ताल, क्यूबाचा हाबानेरा आणि युरोपीय नृत्यें यांच्या मिश्रणांतून तें घडलें. पुढें जर्मनीहून आलेल्या बांदोनेऑन या भात्याच्या वाद्यानें त्यास विरहाचा स्वर दिला. घरदार सोडून एकटे आलेले पुरुष तेथें फार होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या स्वराचें नवल वाटत नाहीं.

प्रवासी जिचीं छायाचित्रें घेतात ती 'कामिनीतो' गल्ली म्हणजे बंद पडलेल्या लोहमार्गाची जागा. अनाथालयांतून येथील एका कोळसेवाल्याच्या घरीं दत्तक आलेला चित्रकार बेनितो किंकेला मार्तिन याच्या खटपटीनें ती रंगली व १९५९ सालीं उघडें संग्रहालय बनली. नांव घेतलें १९२६ च्या एका टँगो-गीताचें. आणि गंमत अशी कीं, गीतकाराच्या मनांतील पायवाट निराळ्याच प्रांतांतील! संगीतकार फिलिबेर्तो तेवढा या वस्तीचा.

ही गल्ली कांहीं मिनिटांत संपते. पलीकडे तशाच पत्र्याच्या घरांत आजहि गरीब कुटुंबें राहतात. तेथें आग लागली तर लांकडामुळें पाहतां पाहतां पसरते. स्वयंसेवकांचें अग्निशामक दल या वस्तींत १८८४ पासून आहे, तें उगीच नव्हे. तेथवर एकट्यानें भटकूं नये, हें खरें. परंतु नदीकांठीं अवश्य जावें. तेथें १९१४ सालचा लोखंडी पूल उभा आहे. त्यावर रस्ता नाहीं. तारांनीं टांगलेला एक पाळणा माणसें व गाड्या घेऊन पैलतीरीं जात असे.