नृत्याची पदवी आणि सोबत दुसरा विषय: नियम काय सांगतात, अडचण कुठे येते?

बारावीचा निकाल लागतो आणि अनेक घरांमध्ये एक जुनाच वाद नव्याने सुरू होतो. मुलगी आठ-दहा वर्षं कथक किंवा भरतनाट्यम शिकलेली असते. दहावीला शास्त्रीय कलेच्या परीक्षेचे वाढीव गुणही मिळालेले असतात. आता तिला नृत्यातच पदवी घ्यायची असते. आई-वडिलांचा क्लासला विरोध नसतो, पण प्रश्न असतो, "नुसतं नृत्य शिकून पुढे काय? सोबत काहीतरी हवंच ना?"

या वादात बहुतेक वेळा दोनच पर्याय धरले जातात: एक तर नृत्य, नाहीतर 'खरं' शिक्षण. पण गेल्या काही वर्षांत उच्च शिक्षणाचे नियम बदलले आहेत. नृत्यासोबत दुसरा विषय शिकण्याच्या किमान तीन वाटा आज उपलब्ध आहेत. अडचण परवानगीची कमी आणि वेळेची जास्त आहे.

या तीन वाटा कोणत्या आणि त्यातली कुणाला कोणती परवडते, ते समजून घेऊ.

आधीचे कलाकार काय करायचे?

नृत्यासोबत दुसरं काही शिकणं ही आजची कल्पना नाही. मोहिनीआट्टमच्या ज्येष्ठ नृत्यांगना कनक रेळे यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याचं शिक्षण घेतलं होतं. पुढे १९७७ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठातून नृत्यात पीएचडी केली. सोनल मानसिंह यांची पदवी एल्फिन्स्टन कॉलेजातली, जर्मन साहित्याची. मल्लिका साराभाई यांनी अहमदाबादच्या आयआयएममधून एमबीए केलं.

पण या पिढीसाठी पदवी कॉलेजात आणि नृत्य गुरूंकडे, अशी सरळ विभागणी होती. नृत्य हा विद्यापीठाचा विषय हळूहळू झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५०च्या दशकापासून नृत्य शिकवलं जातं. मुंबईत कनक रेळे यांनी १९७२ मध्ये नालंदा नृत्यकला महाविद्यालय सुरू केलं. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झालं. त्याच्या नावातच 'गुरुकुल' हा शब्द आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचाही कला विभाग आहे.

म्हणजे आज नृत्य हीच पदवी असू शकते. त्यामुळे प्रश्नही बदलला आहे: नृत्य विद्यापीठात शिकायचं ठरवलं, तर दुसरा विषय कुठे बसवायचा?

नृत्याच्या पदवीत नेमकं काय शिकवतात?

'दिवसभर नाचायचं' हा सर्वात मोठा गैरसमज. प्रात्यक्षिक हा या पदवीचा कणा असतो हे खरं. कथकमध्ये तत्कार, तोडे, परण, गत आणि भाव, तर भरतनाट्यममध्ये अडवूपासून वर्णम आणि तिल्लानापर्यंत. पण त्यासोबत 'नाट्यशास्त्र' आणि 'अभिनयदर्पण' हे ग्रंथ, तालशास्त्र, संगीताची ओळख, नृत्याचा इतिहास, नृत्यरचना, रंगभूषा, प्रकाशयोजना असे विषय येतात. लेखी पेपर असतात आणि मंचावर सादरीकरणाची परीक्षाही असते.

त्यामुळे नृत्य हा 'सोपा' विषय आणि त्यासोबत एक 'अवघड' विषय सहज घेता येईल, हे गृहीत धरून चालत नाही.

पहिली वाट: मेजर आणि मायनर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवीची रचना बदलली. आता विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय असतो, तो मेजर. आणि एक दुय्यम विषय असतो, तो मायनर. तीन वर्षांच्या पदवीसाठी साधारण १२० ते १३२ क्रेडिट लागतात. त्यातले १८ ते २० क्रेडिट मायनरचे असतात. याशिवाय काही क्रेडिट दुसऱ्या शाखेतल्या खुल्या विषयांसाठी राखलेले असतात.

म्हणजे नृत्य मेजर घेऊन संस्कृत, मानसशास्त्र किंवा इतिहास मायनर घेता येतो. किंवा उलट, अर्थशास्त्र मेजर आणि नृत्य मायनर. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात मायनर तोच मिळतो, जो शिकवण्याची सोय त्या कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात असते. फक्त नृत्य शिकवणाऱ्या महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक नसतात आणि बहुतेक कला-वाणिज्य महाविद्यालयांत नृत्याचे शिक्षक नसतात. त्यामुळे "धोरणात आहे" एवढ्यावर विसंबून प्रवेश घेऊ नये. या वर्षी कोणते मायनर प्रत्यक्ष सुरू आहेत, हे कॉलेजला विचारावं.

याच रचनेत सहशालेय उपक्रमांसाठीही आठ क्रेडिट आहेत. त्यात एनएसएस, एनसीसी, योग, क्रीडा यांच्याबरोबर सादरीकरणाच्या कलाही येतात. काही कॉलेजं 'आमच्याकडे नृत्याचेही क्रेडिट मिळतात' असं सांगतात, तेव्हा बोलणं अनेकदा या आठ क्रेडिटबद्दल असतं. दोन्हींत फरक मोठा आहे.

प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे एका सत्रात ३० तास. आठही क्रेडिट नृत्यातच घेतले, तरी पूर्ण पदवीत २४० तास होतात. नृत्य मेजर असलेल्या विद्यार्थ्याचे एका सत्रात १२ क्रेडिट प्रात्यक्षिकाचे असतील, तर त्याचे ३६० तास त्या एकाच सत्रात होतात. छंद टिकवायला आठ क्रेडिट पुरेसे आहेत, नर्तक घडवायला नाहीत.

दुसरी वाट: एकाच वेळी दोन पदव्या

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. त्याचे तीन प्रकार आहेत:

- दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून. अट एकच, दोघांच्या तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत.
- एक प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन.
- दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइन.

पीएचडीला ही सवलत लागू नाही. ज्या अभ्यासक्रमांवर स्वतंत्र व्यावसायिक परिषदांचं नियंत्रण आहे, तिथे त्या परिषदांचे नियमही पाळावे लागतात.

नृत्याच्या विद्यार्थ्यांना यातला दुसरा प्रकार सर्वात सोयीचा. नृत्य प्रत्यक्ष शिकायचं आणि बीए किंवा बीकॉम मुक्त विद्यापीठातून करायचं. इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्रही आहे. मात्र निवडलेला अभ्यासक्रम यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत त्या वर्षासाठी आहे का, हे तपासणं गरजेचं. यादी वर्षानुसार बदलते.

आणखी एक गोष्ट. यूजीसीने परवानगी दिली, तरी ती कशी राबवायची हे विद्यापीठांनी आपापल्या अधिकार मंडळांमार्फत ठरवायचं आहे. त्यामुळे मूळ शाळा सोडल्याचा दाखला किंवा मायग्रेशन प्रमाणपत्र दोन ठिकाणी कसं द्यायचं, अशा साध्या प्रश्नावरही विद्यार्थी अडकू शकतो. प्रवेश घेण्याआधी दोन्हीकडे लेखी विचारून ठेवलेलं बरं.

परवानगी आहे, पण वेळ आहे का?

एक साधा हिशोब करू. समजा, नृत्याच्या एका सत्रात २२ क्रेडिट आहेत. त्यातले १२ प्रात्यक्षिकाचे आणि १० लेखी विषयांचे. प्रात्यक्षिकाचे ३६० तास झाले. लेखी विषयाचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणून त्याचे १५० तास. एकूण ५१० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं, तर आठवड्याला ३४ तास फक्त वर्गात.

आता दुसरी पदवी. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरला जातो. सत्राला २० क्रेडिट असतील तर ६०० तास. सहा महिन्यांत, म्हणजे २६ आठवड्यांत ते वाटले, तर आठवड्याला सुमारे २३ तास होतात.

दोन्ही मिळून आठवड्याला ५७ तास. यात घरचा रियाझ नाही, बस-लोकलचा प्रवास नाही, कार्यक्रमाच्या तालमी नाहीत आणि परीक्षेची तयारीही नाही. त्यात दोन्हीकडच्या सत्र परीक्षा एकाच सुमारास आल्या, तर एका विषयावर पाणी सोडावं लागतं.

यावर एक उपाय आहे, पण त्याचा विचार कमी होतो. दुसरी पदवी तीन वर्षांतच संपवायची सक्ती नसते. इग्नूची तीन वर्षांची बीए जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येते. वर्षाला निम्मेच पेपर दिले, तर आठवड्याचे २३ तास साडेअकरावर येतात. नृत्याची पदवी वेळेत होते आणि दुसरी थोडी उशिरा. 'एकाच वेळी' याचा अर्थ 'एकाच दिवशी पूर्ण' असा घ्यायची गरज नाही.

तिसरी वाट: पदवी दुसरी, नृत्य परीक्षांमधून

इंजिनीअरिंग, वैद्यकीय, फिजिओथेरपी अशा अभ्यासक्रमांसोबत नृत्याची पदवी करणं जवळपास अशक्य आहे. तिथे जुनीच वाट कामाला येते. क्लास सुरू ठेवायचा आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या संस्थांच्या परीक्षा द्यायच्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशा त्यांच्या पायऱ्या आहेत.

या वाटेचा फायदा म्हणजे वेग आपल्या हातात राहतो. मर्यादा मात्र आधीच माहीत हवी. विशारदला नृत्यविश्वात मान आहे, पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर साधारणपणे संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्के गुणांसह आणि नेट किंवा सेट लागते. नेटमध्ये नृत्य-नाट्य असा स्वतंत्र विषय आहे. मोठी कामगिरी असलेल्या कलाकारांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर विशीत बेत आखता येत नाही.

म्हणून या वाटेने जाणाऱ्यांनी पुढे नृत्यात एमए करण्याची दारं आपल्यासाठी उघडी आहेत का, हे आधी पाहावं. दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला प्रवेश द्यायचा का, विशारद किंवा किती वर्षांचं शिक्षण लागेल, सादरीकरणाची चाचणी कशी असेल, या अटी प्रत्येक विद्यापीठात वेगळ्या असतात.

दुसरा विषय कोणता निवडावा?

'सुरक्षित' म्हणून निवडलेला विषय पुढे वापरलाच गेला नाही, तर तो नुसता भार ठरतो. त्यापेक्षा तो नृत्याच्या कोणत्या कामाला जोडायचा, हे ठरवणं सोपं.

संशोधनात रस असेल तर संस्कृत किंवा इतिहास उपयोगी, कारण मूळ ग्रंथ अनुवादावर न विसंबता वाचता येतात. नृत्याचा उपचारासाठी वापर शिकायचा असेल तर मानसशास्त्राचा पाया लागतो. स्वतःचा क्लास किंवा संस्था चालवायची असेल तर वाणिज्य. जागेचं भाडं, फी, साथीदारांचं मानधन, कर हे सगळं नृत्यशिक्षिकेलाच सांभाळावं लागतं. शाळेत शिकवायचं असेल तर बीएडला आपली पदवी आणि शालेय विषय चालतात का, हे पहिल्याच वर्षी तपासावं. ते तिसऱ्या वर्षी कळलं, तर उशीर झालेला असतो.

हिशोबात शरीरही धरायला हवं

दोन लेखी विषय घेणारा विद्यार्थी रात्र जागून एक पेपर काढू शकतो. नृत्याच्या विद्यार्थ्याला ती मुभा कमी. झोप नीट झाली नसताना कडक फरशीवर तासन् तास पाय मारले, तर घोटे, गुडघे आणि कंबर तक्रार करतात. एक दुखापत झाली की प्रात्यक्षिकाची हजेरी जाते आणि सत्रही धोक्यात येतं. म्हणून वेळापत्रक बनवताना विश्रांती ही उरलेल्या वेळात करायची गोष्ट न धरता तिचे तास आधी बाजूला ठेवावे लागतात.

प्रवेशाआधी विचारायचे पाच प्रश्न

१. या वर्षी कोणते मायनर प्रत्यक्ष शिकवले जाणार आहेत?

२. प्रात्यक्षिकाचे तास रोज कोणत्या वेळेत असतात आणि हजेरीची अट किती?

३. दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर हरकत नाही, हे लेखी मिळेल का? शिष्यवृत्ती आणि वसतिगृहावर त्याचा परिणाम होईल का?

४. दोन्हीकडच्या गेल्या वर्षीच्या परीक्षांच्या तारखा काय होत्या?

५. दुसरी पदवी जास्तीत जास्त किती वर्षांत पूर्ण करता येते?

या पाच प्रश्नांची उत्तरं हातात असली की घरातला वादही बदलतो. 'नृत्य की शिक्षण' हा प्रश्न मागे पडतो. उरतो तो आठवड्याच्या तासांचा हिशोब, आणि तो आई-वडील आणि मुलगी एकत्र बसून मांडू शकतात.