जलपर्णीवरील दोन सोंडकिडे

तांदळातला सोंडा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचाच एक दूरचा भाऊबंद जलपर्णीवर राहतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो मला आमच्या गावच्या तळ्यात सापडला आणि मी त्याला चुकीचे नाव देऊन मोकळा झालो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिला खाऊन आटोक्यात ठेवणारे कीटक आपल्याकडे नव्हते, म्हणून १९८२ साली ते मुद्दाम भारतात आणले गेले. त्यांत नियोकेटिना आयकॉर्निए व नियोकेटिना ब्रुकी हे दोन सोंडकिडे होते. बंगळूर परिसरातील तळ्यांत त्यांच्यामुळे जलपर्णी ओसरली. पुढे मणिपूरच्या लोकटाक सरोवरापर्यंत ते पोचविण्यात आले.

पानावर दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी ओरखडे दिसले की किडा तेथेच आहे असे समजावे. पण तो रात्री चरतो. मी भर दुपारी तासभर पाने उलटीत बसलो, हाती फक्त चिखल आला! शेवटी रोप उपटून गाभा सोलला, तेव्हा कोवळ्या पानांच्या सुरळीत दडलेले अकरा किडे मिळाले.

किडा जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा. ब्रुकीच्या पाठीवर फिकट, व्ही अक्षरासारखा पट्टा असतो एवढे मी वाचले होते. तो दोघांवरच दिसला. उरलेल्या नवांना मी आयकॉर्निएची लेबले लावली.

सरांनी भिंग घेतले आणि म्हणाले, "अरे, पट्टा खवल्यांचा असतो. खवले झिजले की पट्टाही गेला. रेघा पाहिल्यास का?"

पाठीवरच्या मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंस एकेक काळी, चकचकीत, उठावदार रेघ असते. ब्रुकीत ती आखूड व पाठीच्या मध्याजवळ, तर आयकॉर्निएत लांब व पुढे सरकलेली. या कसोटीवर नवांपैकी चार ब्रुकी निघाले. अंडी घालण्यातही फरक आहे: आयकॉर्निए एकेक घालते, ब्रुकी एका जागी अनेक.

दोघांचेही कोश मात्र पाण्याखाली, मुळांच्या तंतूंत गुंडाळलेले असतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उन्हाळ्यात गावकरी जलपर्णी उपटून काठावर जाळतात, त्यात कोशही जळतात. चार महिन्यांत जलपर्णी पुन्हा पसरते, तिला खाणारा मात्र उरत नाही. यंदा तळ्याचा एक कोपरा न उपटता ठेवावा, असा अर्ज मी पंचायतीला दिला आहे. लेबले बदलून किड्यांची पेटीही सोबत नेली होती.