शंभर टक्के वीज म्हणजे नेमकी किती घरं?

‘आता कुठल्या गावात लाइट नाही?’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एसटीत ऐकलंय. बोलणारा 28 एप्रिल 2018चा दाखला देतो. त्या दिवशी मणिपूरमधलं लेइसांग ग्रीडला जोडलं गेलं आणि देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं. ते खोटं नाही. पण गावात पोचणं म्हणजे घरात पोचणं नव्हे, हे कितीदा सांगायचं?

2004 पासूनची सरकारी व्याख्या बघा. वस्तीत, दलितवस्ती असेल तर तिथेही, ट्रान्सफॉर्मर आणि तारा हव्यात. शाळा, पंचायत, दवाखान्यात वीज हवी. आणि घरं? किमान दहा टक्के. शंभर उंबऱ्यांच्या गावात दहा घरांत दिवा लागला की गाव विद्युतीकृत. उरलेल्या नव्वदांत चिमणी असली तरी कागदावर फरक पडत नाही. 1997 पर्यंत तर महसुली हद्दीत कुठेही, कशालाही वीज वापरली की भागायचं. शिवारातल्या एका मोटारीवर अख्खं गाव उजळलेलं! शेवटी घरं वेगळी मोजावी लागली. सप्टेंबर 2017 मध्ये ‘सौभाग्य’ योजना आली आणि तिच्यातून अडीच कोटींहून जास्त घरांना जोडण्या मिळाल्या. त्यातली बहुतेक ‘वीज पोचलेल्या’ गावांतलीच होती.

बरं, मीटर बसलं म्हणजे तरी लाइट असते का? गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. मळ्यातली घरं पुष्कळदा शेतीच्या फीडरवर असतात. थ्री फेजची पाळी रात्रीची आली की माणूस बॅटरी घेऊन साप-विंचवातून दारं धरायला जातो. अशाच एका वस्तीवर भिंतीला मीटर होतं आणि खालच्या कोनाड्यात राखेनं काच घासून ठेवलेला कंदील. ‘डीपी जळून आज बारावा दिवस,’ बाई म्हणाल्या. ‘दळण घेऊन गावात जाते, तेव्हाच मोबाइलपण चार्ज करून आणते.’

मुंबईहून दिसणाऱ्या घारापुरीत 2018 च्या फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा. मग समुद्राखालून केबल आली. तीन-चार तासांच्या विजेवर बल्ब लागतो, पण फ्रीजमधलं दूध टिकत नाही. दिनक्रम बदलतो तो तासांनी, जोडणीच्या आकड्यानं नव्हे.

बाकीचे समज थोडक्यात. वीज आली की चूल सुटते? नाही, त्याला परवडणारा गॅस लागतो. बायकांचे कष्ट बल्बनं कमी होतात? गिरणीनं, मिक्सरनं आणि पाणी चढवणाऱ्या मोटारीनं होतात. उत्पन्न आपोआप वाढतं? फियोना बर्लिग आणि लुई प्रिओनास यांनी राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेचा अभ्यास केला, तेव्हा लहान गावांत फायदा अगदी थोडा दिसला.

आणि ‘आम्ही नाही का चिमणीवर शिकलो?’ वातीच्या चिमणीचा उजेड दहा ल्युमेनच्या आसपास, नऊ वॅटच्या एलईडीचा आठशेच्या वर. चिमणीवर शिकलेल्यांनाच विचारा, सकाळी नाक शिंकरल्यावर रुमालाला काय लागायचं.